पितृपक्षात लाल झालेलं पुणे

आमचे ब्रँच मॅनेजर कुलकर्णी साहेब माझ्या टेबलाशी आले आणि कुणाच्या तरी मयताची बातमी सांगावी अशा आवाजात म्हणाले, “दामले मॅडम, पुणे लाल झालं.”

मी खिडकीतून खाली बघितलं. कर्वे रस्ता नेहमीसारखा तुंबलेला होता. रिक्षावाले नेहमीसारखे नाही म्हणत होते. लाल काही दिसेना.

“मुंबईच्या कॉम्प्युटरवर झालं,” साहेब म्हणाले. “आजपासून पुण्यातलं एकही लोन पास करायचं नाही. पुण्याचं हाउसिंग मार्केट कोसळलंय म्हणे.”

“कधी?”

“गेल्या आठवड्यात.”

“मग आपल्याला कसं नाही कळलं? आपण इथेच तर होतो.”

मुंबईहून आलेल्या गोष्टीला प्रश्न विचारायची साहेबांना सवय नव्हती, आणि रिटायरमेंट तोंडावर आल्यावर नवी सवय लावून घेण्यात काही अर्थ नव्हता.

ही गोष्ट हिंजवडीला काचेच्या इमारती उगवायला लागल्या त्या काळातली. व्याजदर उतरले होते. आयटीतली मुलं पंचविशीत फ्लॅट बुक करत होती, आणि ज्यांनी स्वतःचं घर रिटायर होताना फंडाच्या पैशांतून घेतलं होतं असे त्यांचे वडील शेजारी बसून प्रत्येक कागद दोनदा वाचत होते. मी एका होम लोन देणाऱ्या कंपनीत टेक्निकल ऑफिसर होते. शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं. काम व्हॅल्युएशनचं, म्हणजे लोकांच्या घरात शिरून भिंती ठोकून बघायच्या, बाथरूमच्या छताकडे संशयाने पाहायचं आणि हे घर गहाण ठेवण्याच्या लायकीचं आहे की नाही ते कंपनीला कळवायचं.

याशिवाय दर महिन्याला माझ्याकडे एक रिपोर्ट असायचा. पुण्यात कुठे भाव वाढले, कुठे बसले, किती फ्लॅट बुक झाले याचा. हा ट्रेंड कसा काढतात याचं लोकांना फार गूढ वाटतं. त्यात गूढ काही नाही. आधी बिल्डरच्या सेल्स ऑफिसला फोन करायचा. ते सांगतील त्या भावातून थोडा अभिमान वजा करायचा. मग सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत, म्हणजे जिथे घरांचे करारनामे सरकारदरबारी नोंदवतात तिथे जायचं. तिथे लिहिलेल्या भावात थोडी लाज मिळवायची. या दोघांच्या मधे कुठेतरी खरा भाव दबा धरून बसलेला असतो.

क्षेत्रफळाचंही तसंच. सुपर बिल्ट-अप म्हणजे तुमच्या खोल्या, अधिक भिंती, अधिक जिना, लिफ्ट आणि बिल्डरच्या मनातली बाग यांतला तुमचा वाटा. कार्पेट म्हणजे जिथे खरोखर सतरंजी पसरता येते ती जागा. लोक पहिल्याचे पैसे भरतात आणि दुसरीत राहतात. जाहिरातींचं तर विचारूच नका. येरवड्याच्या एका स्कीमच्या माहितीपत्रकात ‘शांत परिसर, उंच भिंती, चोवीस तास पहारा’ असं छापलेलं मी पाहिलं आहे. शेजारी तुरुंग आहे, त्यामुळे त्यात खोटं काहीच नव्हतं.

असं सगळं चाळून-पाखडून मी रिपोर्ट करायची आणि दरवर्षी भाद्रपदात त्याच्या तळाशी पेनाने एक शब्द लिहायची: पितृपक्ष.

गणपती बोळवले की पुण्यात घरांचं गिऱ्हाईक बंद होतं. पंधरा दिवस कुणी फ्लॅट बुक करत नाही, कुणी सही करत नाही. बघून मात्र सगळे ठेवतात. शनिवार-रविवारी सॅम्पल फ्लॅट माणसांनी फुललेला असतो. नळ सोडून बघतात, खिडक्या उघड-मिट करतात, आणि पेन पुढे केलं की एकदम वाडवडील आठवतात. घटस्थापना उजाडली की हीच मंडळी चेकबुक घेऊन रांगेत. त्यामुळे माझ्या आलेखाला दरवर्षी एक खड्डा आणि लगेच पुढे एक टेकाड असायचं. आधीचे रिस्क हेड, म्हणजे कुठे लोन द्यायचं आणि कुठे नाही ते ठरवणारे साहेब, मुंबईकर होते. ते तो शब्द वाचायचे आणि रिपोर्ट फाइलला लावायचे. त्यांच्याही घरी वाडवडील होते.

मग ते गेले आणि अरोरा साहेब आले. मोठ्या संस्थेतले एमबीए. त्यांनी येताना एक सॉफ्टवेअर आणलं. त्यात भारताचा नकाशा होता आणि प्रत्येक शहराला रंग होता. बुकिंग बेताचं असलं तर हिरवा. बुकिंग निम्म्याखाली गेलं तर लाल, म्हणजे मार्केट कोसळलं, लोन बंद. आणि दुपटीच्या वर गेलं तर जांभळा, म्हणजे मार्केट नको तितकं तापलं, प्रत्येक लोन मुंबईच्या कमिटीपुढे. कमिटी कधी बसते हे कमिटीलाही माहीत नसायचं. थोडक्यात, माणसांनी बाराही महिने सारख्याच संख्येने घरं घ्यावीत अशी त्या सॉफ्टवेअरची अपेक्षा होती. पेनाने लिहायला तळाशी जागा ठेवलेली नव्हती.

पुणे लाल झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेखसाहेब आले.

शेखसाहेब खडकीच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होते. राहायला कारखान्याचं क्वार्टर. नुकतेच रिटायर झाले होते, आणि रिटायर झालेल्या माणसाकडे क्वार्टर किती दिवस ठेवायचं याबाबत सरकारचे विचार स्पष्ट असतात. क्वार्टर सोडायची तारीख जवळ आली होती. मुलगा इम्रान आयटीत, लोन त्याच्या नावावर. कर्वेनगरमधल्या बापट सरांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी पसंत केला होता आणि त्याचं व्हॅल्युएशन मीच केलं होतं. भिंती ठणठणीत होत्या.

ते खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, “मॅडम, माझ्या पोराची नोकरी गेली का?”

“नाही हो.”

“बापट सरांचं घर पडलं का?”

“नाही.”

“मग लोन का थांबलं?”

“पितृपक्ष आहे म्हणून.”

ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, मी शेख.”

“माहीत आहे मला.”

“नाही, म्हटलं सांगून ठेवावं. आम्हीपण शब-ए-बारातला आमच्या गेलेल्यांची आठवण काढतो. त्या दिवशी कुणाचं लोन थांबल्याचं कधी ऐकलं नाही.”

मी त्यांना सॉफ्टवेअरबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. कारखान्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला वरून आलेल्या मूर्खपणाचं नवल वाटत नाही.

“दुसरा एखादा फ्लॅट...” मी म्हणायला गेले आणि जीभ चावली.

“दुसरा?” ते हसले. “वर्षभर तेच केलं ना. फोनवर सगळं ठरायचं. गोड बोलायचे, पत्ता द्यायचे, या म्हणायचे. शेवटी नाव विचारायचे. नाव सांगितलं की फ्लॅट कालच गेलेला असायचा. वेगळे निघाले ते एकटे बापट सर. त्यांनी नाव विचारलंच नाही. म्हणाले, बघायला या, पण साडेदहा म्हणजे साडेदहा.”

दर महिन्याला माझ्या रिपोर्टात कर्वेनगरपुढे ‘उपलब्धता भरपूर’ असं असायचं. ती कुणासाठी भरपूर, याचा कॉलम जुन्या रिपोर्टात नव्हता आणि नव्या सॉफ्टवेअरमध्येही नव्हता. ते ऐकून मला मनापासून चीड आली. लोन थांबतात, सुटतात, त्याचं एवढं काही नाही. पण इथे या माणसाला अख्ख्या शहरातून एक दार उघडं मिळालं होतं आणि ते आमचं कॉम्प्युटर बंद करत होतं.

दारालाही मुदत होती. बापट सरांना त्यांच्याच सोसायटीतला तळमजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा होता, कारण काकूंचे गुडघे जिन्याला कंटाळले होते. तो घ्यायला आधी हा विकणं भाग होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तेवढ्यात आपला भाचा पुढे केला होता. भाच्याला लोनही नको होतं. ‘आपल्यातलाच आहे,’ एवढं सेक्रेटरी सरांना तीनतीनदा सांगून गेले होते. सरांनी शेखसाहेबांना शब्द दिला होता, पण पुणेरी पद्धतीने, अटीसकट: सही घटस्थापनेला, पितृपक्षात नाही. त्या दिवशी तुमच्या लोनचं नक्की झालेलं नसलं तर भाचा.

म्हणजे गंमत बघा. ज्या माणसाला पितृपक्षाचं काही देणं-घेणं नाही, त्याचं घर पितृपक्षाने दोन्ही बाजूंनी धरलं होतं. विकणारा पितृपक्षात सही करत नव्हता, आणि कुणीच सही करत नाही म्हणून आमची कंपनी लोन देत नव्हती.

घटस्थापना गुरुवारी होती. मंगळवारी मी कुलकर्णी साहेबांना म्हटलं, “अरोरा साहेबांना फोन लावा.”

“कशाला उगाच? गुरुवारनंतर आकडे आपोआप सुधारतील.”

“तोपर्यंत शेख रस्त्यावर येतील.”

साहेबांनी एक सुस्कारा सोडला, देवाच्या फोटोकडे बघितलं आणि स्पीकर चालू करून फोन लावला.

“सर, पुणे में श्राद्ध चल रहे हैं,” मी सरळच सुरुवात केली. “इसलिए बुकिंग नहीं है.”

“मॅडम, आय अंडरस्टँड. लेकिन सिस्टिम में रीझन डालना पडेगा. ड्रॉपडाउन देखिए.”

ड्रॉपडाउन म्हणजे कॉम्प्युटर आपल्यापुढे चार-पाच उत्तरं टाकतो आणि त्यातलंच एक खरं माना म्हणतो, तो प्रकार. मी बघितलं. नोकरकपात. अतिपुरवठा. दंगल. पूर. भूकंप.

“इसमें नहीं है, सर.”

“तो जो सबसे नजदीक है, वो डालिए.”

“पितरांच्या सगळ्यात नजदीक भूकंपच आहे, सर.”

कुलकर्णी साहेबांनी मला हाताने शांत राहण्याची खूण केली.

“मॅडम, डेटा इज डेटा,” अरोरा साहेब म्हणाले. “सेंटिमेंट को मैं रिस्क मॉडेल में कैसे लूं? मार्केट में बायर नहीं है, मतलब नहीं है.”

“बायर आहे सर. माझ्यासमोर बसून गेला. त्याला तुम्ही थांबवलंय.”

इथे कुलकर्णी साहेबांना वाटलं की आता आपण काहीतरी गोड बोललं पाहिजे. ते स्पीकरवर वाकून म्हणाले, “सर, आप एक बार खुद पुणे आइए. गुरुवार को आइए. मार्केट दिखाते हैं आपको. मिसळ भी खिलाते हैं.”

“थर्सडे पॉसिबल नहीं है, कुलकर्णीजी. मैं लीव्ह पर हूं. मेरे मुंबई के फ्लॅट का अॅग्रीमेंट है.”

“अभिनंदन, सर,” मी म्हटलं. “आज काय करताय?”

“आज? ऑफिस में हूं. क्यों?”

“मग आजच करून टाका ना अॅग्रीमेंट. गुरुवारची लीव्ह वाचेल.”

“मॅडम,” अरोरा साहेब जरा दुखावल्यासारखे म्हणाले, “श्राद्ध में? मेरी मदर तो घर में घुसने नहीं देंगी.”

स्पीकरमधून काहीच येईना. कुलकर्णी साहेब घशात खाकरा अडकल्यासारखे माझ्याकडे बघत होते. मी घाई केली नाही. शांततेचं व्हॅल्युएशन घाईत करायचं नसतं.

“सर,” मी शेवटी म्हटलं, “मग मुंबईलासुद्धा लाल करून टाकायचं का? बायर नहीं है.”

मोठी माणसं चूक कबूल करत नाहीत. ती चुकीला इंग्रजी नाव देतात. अरोरा साहेब म्हणाले, “ठीक है. आय विल गिव्ह अ टेंपररी ओव्हरराइड.” म्हणजे लाल तात्पुरता पुसला. पण अट घातलीच: गुरुवारी संध्याकाळी घटस्थापनेचे ताजे आकडे टाकायचे. पुढचा रंग त्यावर ठरेल.

फोन ठेवल्यावर कुलकर्णी साहेबांचा चेहरा फुलला. “सुटलो बाई! गुरुवारी आकडे वाढणारच.”

“वाढणारच. पंधरा दिवसांची माणसं एका दिवसात येतील. दुपटीच्या कितीतरी वर जाईल. मग काय होईल?”

साहेबांनी डोळे मिटले. “जांभळं,” ते म्हणाले.

“आणि जांभळं म्हणजे कमिटी. म्हणजे शेखसाहेबांचं घर दिवाळीपर्यंत कमिटीच्या टेबलावर.”

आमच्याकडे लोनवर शेवटची सही करारनामा रजिस्टर होऊन फाइलला लागल्यावरच व्हायची. घटस्थापनेच्या दिवशी रजिस्ट्रारकडे अर्धं पुणं उभं असतं. सकाळी रांगेत लागलं तरी संध्याकाळच्या आत नंबर यायची खात्री नाही. उरला एक दिवस. बुधवार. सर्वपित्री अमावास्या. पितृपक्षातला शेवटचा आणि सगळ्यात कडक दिवस, ज्याची तिथी माहीत नाही किंवा राहून गेली अशा सगळ्याच पूर्वजांना जेवायला बोलावण्याचा. त्या दिवशी पुण्यातला माणूस नवा रुमालसुद्धा घेत नाही. आणि मला बापट सरांना घर विकायला लावायचं होतं.

बुधवारी सकाळी मी शेखसाहेबांना घेऊन कर्वेनगरला गेले. दारावरच्या पाटीनुसार बेल एकदाच वाजवली. बापट सर कॉलेजात आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवून रिटायर झालेले. घरात आमसुलाच्या चटणीचा आणि खिरीचा वास होता. काकू स्वयंपाकघरात वडे थापत होत्या.

मी सगळं सांगितलं. लाल, जांभळं, कमिटी, रांग. सरांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले, “तुमच्या सॉफ्टवेअरला हंगाम नावाची गोष्ट माहीत नाही? हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचो.”

“मुंबईला पहिलं वर्ष झालेलं नाही, सर.”

“अहो, पण आज सही? आज सर्वपित्री आहे.”

“सर, तुम्ही मानता?”

“अजिबात मानत नाही.” ते ताडकन म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण विषाची परीक्षा कोण घेणार? आणि हिला चालणार नाही.”

पुण्यातल्या बुद्धिवादी पुरुषांची श्रद्धा ही नेहमी बायकोच्या नावावर असते. टॅक्स वाचवायला जागा घेतात तशी.

शेखसाहेब उठले. “सर, राहू द्या. तुमचा दिवस आहे, तुमच्या घरी कार्य आहे. माझ्यामुळे तुमच्या मनाला लागायला नको. मी बघतो दुसरीकडे.”

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि बहुतेक सरांनाही माहीत होतं. सर चष्मा पुसत बसले. इतकी वर्षं लोकांच्या घरांच्या किमती ठरवल्या, पण कुणाच्या घरात उभं राहून इतकं कानकोंडं मला कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात काकू पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. “बसा हो शेख. बसा म्हणते ना,” त्या म्हणाल्या आणि सरांकडे वळल्या. “मला काय चालणार नाही?”

“आज व्यवहार...”

“पितृपक्षात काय करू नये म्हणतात?”

“नवीन काही घेऊ नये.”

“बरोबर. घेऊ नये. विकू नये असं कुणी सांगितलंय?”

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“आपण विकतोय,” काकू म्हणाल्या. “घेतायत ते हे. यांना पितृपक्ष नाही. आपल्याला खालचं घर घ्यायचंय ते आपण दसऱ्याला घेऊ, मुहूर्त बघून, चांगलं सकाळी. मग आज अडलंय कुठे?”

“तसं नव्हे, पण लोक...”

“लोक म्हणजे सेक्रेटरी ना? त्याच्या भाच्याने आल्या आल्या माझ्या ओट्यावर चपलेचा पाय ठेवून एक्झॉस्ट फॅन बघितला. मी तेव्हाच ठरवलं होतं. तुमच्या त्या घटस्थापनेच्या अटीमुळे गप्प होते.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “किती वेळ लागतो हो रजिस्ट्रारकडे?”

“आज नाही लागणार, काकू.”

“मग पान वाढून झालं की लगेच निघू. माझ्या सासऱ्यांना जेवायला थांबलेलं कधी आवडायचं नाही.”

सरांनी संख्याशास्त्रातून, धर्मशास्त्रातून आणि संसारातून एकदम माघार घेतली आणि शर्ट बदलायला आत गेले. काकूंनी गच्चीवर पान ठेवलं. कावळा आला आणि पहिल्या फटक्यात वडा उचलून गेला. “बघा,” काकू म्हणाल्या, “त्यांचीही हरकत नाही.”

रजिस्ट्रारच्या कचेरीत एरवी पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी तिथे चिटपाखरू नव्हतं. कावळेसुद्धा नव्हते, कारण त्या दिवशी त्यांना शहरभर कामं असतात. क्लार्क पेपरातलं कोडं सोडवत होता. आम्हाला बघून तो इतका दचकला की आधी त्याने आम्ही वाट चुकलोय का ते विचारलं. इम्रान हिंजवडीहून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. सह्या झाल्या, अंगठे उमटले. सरांनी सही करताना डोळे मिटले होते असं मला वाटलं, पण ते म्हणतात की उजेड डोळ्यांवर आला.

करारनामा घेऊन मी थेट ऑफिसात गेले. कुलकर्णी साहेबांनी फाइल उघडली, तारीख बघितली आणि माझ्याकडे बघितलं.

“सर्वपित्रीची तारीख आहे, मॅडम.”

“हो. आणि पुणे आज हिरवं आहे.”

साहेबांनी पेन उचललं, परत ठेवलं, स्वतःच्या वडिलांचं नाव घेऊन मनातल्या मनात काहीतरी पुटपुटले आणि सही केली. त्यांच्या सगळ्या नोकरीतली ती एकच सही मला धाडसाची म्हणून आठवते.

गुरुवारी जे व्हायचं ते झालं. बिल्डरांच्या ऑफिसांत सकाळपासून पेढे आणि पेनं फिरत होती. संध्याकाळी मी खरे आकडे टाकले. शुक्रवारी सकाळी कुलकर्णी साहेब माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “मॅडम, पुणे जांभळं झालं.”

“होऊ द्या.”

पाठोपाठ मुंबईहून अरोरा साहेबांचा फोन. पुण्यात सट्टेबाजी चालू आहे का, अशी विचारणा. मी म्हटलं, “सर, तुमच्या फ्लॅटचं अॅग्रीमेंट काल झालं का?” झालं होतं. “मग सट्टेबाज तुम्ही धरून मोजायचे की वगळून?” दसरा झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये एक नवीन उत्तर आलं: ‘स्थानिक हंगाम’. ते निवडलं की खाली पुरावा जोडा असं येतं. मी दरवर्षी पंचांगाचं पान जोडत गेले. ते कुणी उघडून पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

क्वार्टरची चावी शेखसाहेबांनी मुदतीच्या आत परत केली. बापट मंडळी तळमजल्यावर गेली. सेक्रेटरींनी काही दिवस तोंड वळवलं. पण पुढे पाण्याच्या मोटरीचं काहीतरी बिघडलं, शेखसाहेबांनी खाली उतरून ती चालू करून दिली, आणि तोंड सरळ झालं. त्यात सेक्रेटरींचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. पाणी वर चढायला लागलं, एवढंच.

पुढच्या वर्षी श्रावण संपत आला असताना शेखसाहेबांचा फोन आला. त्यांच्या मेव्हण्याला घर बघायचं होतं.

“जरूर बघू,” मी म्हटलं. “लोनचं काय करायचं, कुठे घ्यायचं ते भेटून बोलू. घाई नाही ना?”

“घाई आहे, मॅडम,” ते म्हणाले. “म्हणून तर विचारतोय. यंदा पितृपक्ष कधी आहे?”

माझ्या सगळ्या रिपोर्टांतून मार्केटचा ट्रेंड नीट समजून घेतलेला तो एकटाच माणूस.